जुळं ताट

प्रेबेन थ्यूगेसनने खरं तर त्या शुक्रवारी गप्प बसून पाव खायला हवा होता.

कोपनहेगनच्या ज्या संस्थेत तो सव्वीस वर्षं कारकून होता, तिथे माणसाला भूक का लागते आणि लागली की आवरत का नाही, यावर संशोधन चाले. दर शुक्रवारी एकेकाने पाळीपाळीने सगळ्यांसाठी नाश्ता आणायचा असा तिथला रिवाज होता. (लठ्ठपणावर आठवडाभर डोकं फोडून शेवटी एकमेकांना लोणी-पाव खाऊ घालायचा, यात कुणालाच काही वावगं वाटत नसे.) प्रेबेनचं काम म्हणजे स्वयंसेवकांच्या खाण्याच्या वह्या फाइलला लावणं. हजारो वह्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि त्या सगळ्यांत लोक गाजरं खात होते.

"खोटारडे आहेत लेकाचे," तो पावावर लोणी थापत म्हणाला. "सव्वाशे किलोचा गडी लिहितो, दुपारी अर्धं सफरचंद! मग राहिलेलं अर्धं काय घोड्याने खाल्लं? मी असतो ना, तर एका ग्रॅमचा फरक पडला नसता."

प्राध्यापक राग्नहिल्डबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. त्यांना नव्वद स्वयंसेवक हवे होते आणि नव्वदावा कालच पळाला होता.

"मग तुम्हीच या की, प्रेबेन."

"मी?"

"आजवर एकाचाही आकडा जुळलेला नाही. तुमचा जुळला, तर आमच्या शोधनिबंधात तुमचं नाव छापते. माझ्या नावाखाली."

प्रेबेनने पाव खाली ठेवला. सव्वीस वर्षांत त्याने दोनशे निबंध टाचले होते, एकावरही त्याचं नाव नव्हतं. घरच्या दाराबाहेरच्या पाटीवरसुद्धा बायकोचं नाव वर होतं. तो लगेच हो म्हणून बसला.

पद्धतीला संस्थेत 'जुळं ताट' म्हणत. चौदा दिवस जे जे तोंडात जाईल, तेवढंच, त्याच वजनाचं, एका डब्यात ठेवायचं. डबा प्रयोगशाळेत जाई. पहिल्या दिवशी, शरीरात ज्याचा माग काढता येतो असं खुणेचं पाणी प्यायचं आणि मग रोज सकाळी एक छोटी बाटली भरायची. (कशाने, ते सांगायला नको.) त्या बाटल्यांवरून आणि वजनकाट्यावरून शरीर किती खाल्लं याची आपली साक्ष वेगळी देई, आणि ती साक्ष डब्याशी ताडून बघत.

"म्हणजे मी तीन माणसांचा स्वयंपाक करायचा, आणि तिसरा माणूस डबा?" बायको बिर्गिट म्हणाली.

"शास्त्रासाठी गं."

"आणि फ्रिजमध्ये चीजशेजारी त्या बाटल्या?"

"त्याही शास्त्रासाठी."

"शास्त्राला स्वतःचा फ्रिज नाही का रे?"

पण प्रेबेन आता ऐकण्यापलीकडे गेला होता. संस्थेने दिलेला छोटा काटा तो खिशात घेऊन फिरू लागला. खिम्याचे दोन गोळे घेतले, तर एक बावन्न ग्रॅम, दुसरा एकोणपन्नास. मग मोठ्याचं टोक कापायचं, तर तो सत्तेचाळीसवर यायचा. मग दुसऱ्याचं टोक. असं करत करत दोन्ही अगदी सारखे झाले की एक ताटात, एक डब्यात. कापलेली टोकं टेबलावर पडली की बिर्गिट ओरडे, म्हणून ती तो पटकन तोंडात टाकून टेबल स्वच्छ ठेवी. जेवण गार व्हायचं, पण दोन्ही ताटं गार व्हायची, त्यामुळे शास्त्राला बाध येत नव्हता.

दुसऱ्या शनिवारी सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस आला.

सासूबाई बोटिल्ला जटलंडच्या दक्षिण टोकाला राहत, आणि तिकडे वाढदिवसाच्या कॉफीबरोबर चौदा प्रकार मांडतात. सात मऊ, सात कडक. चौदाच्या चौदा खायचे, नाही म्हणायची सोय नाही. धाकट्या जावयाने एकदा बदामाची बिस्किटं नाकारली होती. त्याला पुढचे दोन नाताळ बोलावणं नव्हतं.

प्रेबेनने टेबलावरच्या कागदी झेंड्यांमध्ये जागा करून काटा मांडला आणि प्रत्येक प्रकाराचे दोन-दोन नग उचलले. मोजले, टोकं कापली, टेबल स्वच्छ केलं, एक खाल्लं, एक डब्यात टाकलं. सहाव्या केकला सासूबाईंची नजर पडली.

"जावईबापू, डबा कुत्र्यासाठी भरताय का?"

"छे हो आई. प्रयोगशाळेसाठी."

"तिथे कोण खातं?"

"खात नाहीत. दळतात, वाळवतात, आणि मग..." बिर्गिटने टेबलाखालून लाथ मारली, पण शास्त्र लाथेने थांबत नाही. "आणि मग जाळतात."

सासूबाईंच्या हातातली किटली हवेतच थांबली. सगळे नातेवाईक कपात बघू लागले.

"माझा केक जाळतात?"

"आदराने जाळतात, आई! उष्णता मोजायला. जितका कस जास्त, तितका आकडा मोठा."

"आकडा," सासूबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी किटली खाली ठेवली. "आणि शेजारच्या ग्रेथेचा केक जाळला, तर?"

"तर... बहुधा लहान येईल."

त्या क्षणी म्हातारीला संशोधनाची गोडी लागली. त्यांनी आपल्या काळ्या पावाच्या, सायीने थबथबलेल्या केकचा मधला भला थोरला तुकडा कापला. "याला वेगळा डबा करा. बिस्किटांबरोबर जाळायचा नाही. आणि एकाने काय होतंय? हा दुसरा. हा तिसरा."

"आई, थांबा! डब्यात जेवढं जाईल तेवढं मला खावं लागतं!"

"मग खा की," म्हणत सासूबाईंनी चौथा घातला. "नियम माझा नाही, तुमच्या शास्त्राचा आहे."

परतीच्या आगगाडीत प्रेबेन कमरेचा पट्टा सोडून आडवा पडला होता. बोलायची ताकद नव्हती, पण मन निर्मळ होतं. चार तुकडे डब्यात, चार पोटात. "एका ग्रॅमचा फरक नाही, बिर्गिट," तो कण्हत म्हणाला. तिने खिडकीबाहेर पाहिलं.

महिन्याभराने, शुक्रवारच्या नाश्त्याला, निकाल लागायचा होता. पाळी नेमकी प्रेबेनची होती. तो टाय लावून आला. नाव छापायचं तर पूर्ण छापावं, मधलं 'ऑगुस्ट' वगळू नये, हे सांगायचं त्याने ठरवून ठेवलं होतं.

राग्नहिल्डबाईंनी कागद उघडला. "प्रेबेन, डबा सांगतो रोज बावीसशे कॅलरी. शरीर सांगतं तीन हजार. नव्वद जणांत हा सगळ्यांत मोठा फरक आहे."

"अशक्य!" प्रेबेन सगळ्यांसाठी आणलेला केक कापत होता. "मी आईशपथ सांगतो, माझ्या ताटातला कण न् कण मोजलाय! यंत्र बिघडलं असेल!"

सगळे त्याच्याकडे बघत होते.

"प्रेबेन," राग्नहिल्डबाई अगदी मायेने म्हणाल्या, "आत्ता काय खाल्लंत?"

"कुठे काय? तुकडे सारखे करत होतो."

"आणि कापलेलं?"

प्रेबेनने टेबलाकडे पाहिलं. टेबल अगदी स्वच्छ होतं. त्याच्या गालात एक टोक होतं, ते त्याला गिळवेना आणि बाहेरही काढवेना.

निबंध वसंतात छापून आला. त्यात प्रेबेनचं नाव नव्हतं. स्वयंसेवकांच्या सूचनापत्रकात मात्र एक ओळ वाढली: 'सारखं करताना कापलेला तुकडा हेही अन्नच आहे.' ते पत्रक टाचायचं काम त्याच्याकडेच आलं. आणि निबंधाच्या शेवटी आभार होते, तीस वर्षांत प्रयोगशाळेत जळालेल्या सर्वांत कसदार केकबद्दल, श्रीमती बोटिल्ला यांचे. पूर्ण नावानिशी.

सासूबाईंनी ते पान चौकटीत घालून कॉफीच्या टेबलासमोरच्या भिंतीवर, ग्रेथेला बसल्या जागी दिसेल असं टांगलं. उन्हाळ्यात प्रेबेन त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी केक कापला, एक थोरला तुकडा सुरीवर उचलला आणि त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग तुकडा आपल्या बशीत ठेवला, त्याचं एक टोक कापलं आणि तेवढंच जावयाच्या बशीत सरकवलं.

"घ्या, जावईबापू," त्या म्हणाल्या. "तुम्ही हे मोजत नाही ना?"