हिराजीकाकांची खडीवाली

हिराजीकाका कुणाला भेटले की आधी त्याच्या गाडीच्या टायरला अंगठा लावतात आणि मग ख्यालीखुशाली विचारतात. फणस पिकलाय का बघावं तसे ते टायर दाबतात. गेल्या वर्षी आमच्या आळीतल्या लग्नात वऱ्हाड जेवायला बसलं असताना या गृहस्थांनी नवरदेवाच्या सजवलेल्या गाडीची हवा कमी करून ठेवली. वरबाप खवळला, तर काका त्यालाच म्हणाले, "पोरगी पयल्यांदा सासरला चालली, ती काय दणके खात जाईल?"

काका चौलातले, माझे शेजारी. आयुष्यभर एसटी चालवली, लग्न केलं नाही. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, आक्का. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, काका टायरला लागले. मांडव्याच्या धक्क्यावर मुंबईचा एक हौशी पाहुणा लाँचमधून ग्रॅव्हल बाईक नावाची सायकल घेऊन उतरला, दोन दिवसांत आमच्या उन्हाला कंटाळला आणि ती काकांना स्वस्तात देऊन गेला. तिचे टायर मनगटाएवढे जाड. काका तिला 'खडीवाली' म्हणतात.

"रस्ता कंदी वाईट नसतो, सुधीर. हवा जास्ती असते," हे काकांचं ब्रह्मवाक्य. माझी सायकल बारीक टायरची, तिच्यावरून मी रेवदंड्याला बँकेत जातो. डांबरावर मी काकांना आरामात मागे टाकतो. तेव्हा ते म्हणतात, "आपण काय शर्यतीला न्हाय निघालो." पण डांबर संपून जांभ्याची खडी लागली की माझे दात वाजायला लागतात आणि काका शीळ घालत बाजूने निघून जातात. त्यांच्या मते रुंद टायरात हवा कमी असली की तो दगड गिळून टाकतो, आणि बारीक टायर तोच दगड थेट तुमच्या माकडहाडाकडे पाठवून देतो. समुद्राकाठच्या पुळणीवर ओल्या वाळूतही तेच. खडीवाली वरून तरंगत जाते, माझ्या सायकलचा नांगर होतो. सुक्या भुसभुशीत वाळूत मात्र खडीवालीही रुतते. अशा वेळी काका उतरून तिला ढकलतात आणि आपण मुळात पायीच फिरायला आलो होतो असा चेहरा करतात.

या सगळ्या टायरपुराणाच्या मुळाशी आक्का होती. वाडीत सुपाऱ्या वेचताना ती ओल्या झावळीवरून घसरली आणि तिचा मणका कायमचा दुखावला. रिक्षाचा एक दणका बसला तरी तिचा जीव कासावीस व्हायचा. रात्रीची झोप तर गेलीच होती. जन्मभर ओहोटीला वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला जाणाऱ्या या बाईला वर्षभर समुद्र दिसला नव्हता, आणि तो घरापासून हाकेच्या अंतरावर. पण तेवढ्या वाटेत पेव्हर ब्लॉक होते, खडी होती, सुरूच्या बनातली वाळू होती. दणका न लागता आक्काला पुळणीवर न्यायचं, एवढाच काकांचा ध्यास होता. "तुज्या टायरापायी मी मरन एक दिवस," असं आक्का त्यांना उठता-बसता सुनवायची.

काकांनी वेल्डरकडून एका खुर्चीला तसलीच रुंद टायरांची दोन चाकं लावून घेतली आणि ती गाडी सायकलीमागे जोडली. चाचणीला मला बसवलं. माझ्या मांडीवर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला. अख्खी आळी ओट्यावर येऊन बघत होती. "सुधीरची वरात कुठं निघाली?" कुणीतरी विचारलंच. काका थोड्या थोड्या वेळाने मागे वळून ओरडायचे, "मणका काय बोलतो?" मणका गप्प होता, मला फक्त लाज वाटत होती. पेव्हर ब्लॉकवरून जाऊनही पाण्याचा थेंब सांडला नाही. काकांनी टायरला अंगठा लावला आणि जाहीर केलं, "पास!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आक्काला बसवलं. पेव्हर ब्लॉक सुरू होताच ती किंचाळली. खुर्ची टणाटणा उडत होती. काकांनी गाडी थांबवली, आक्काला दोन्ही हातांवर उचललं आणि तसेच घरी घेऊन आले. त्या दिवशी त्यांनी कुणाच्याच टायरला हात लावला नाही.

संध्याकाळी मी गेलो तर काका पडवीत एकटेच बसले होते.

"टायर चुकीचा निघाला काय, काका?"

"टायर न्हाय, मी चुकलो. वजन बघून हवा धरायची असते. मी ती तुला बसवून धरली. तू हायस भोपळा. आक्काला उचलली तवा कळलं, पोरीएवढी झालीय ती. कंदी झाली रं एवढी हलकी? एका घरात राहून माज्या ध्यानात न्हाय आलं."

काका रडायला लागले. मला फार वाईट वाटलं.

आक्का पुन्हा बसायला तयार होईना. काही दिवस काका खाटेपाशी बसून नुसतं "एकदाच, आक्का, एकदाच," म्हणत राहिले. शेवटी वैतागून ती म्हणाली, "चल बाबा. मेले तर पुळणीवर मरन." काकांनी एवढी हवा सोडली की टायर पंक्चर झाल्यासारखे दिसायला लागले. मी मागून चालत निघालो. पेव्हर ब्लॉक गेले, आक्का गप्प. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "खडी अजून न्हाय आली?"

"मागं गेली ती," काका म्हणाले.

बनातल्या सुक्या वाळूत आम्ही दोघांनी मिळून गाडी ढकलली आणि ओल्या वाळूवर आलो. आक्काने समुद्राकडे बघितलं. "पाणी लय आत गेलंय," एवढंच ती बोलली. मग काका सायकलवर बसले आणि तिला किनाऱ्याने फिरवायला लागले. मी सुरूच्या सावलीत बसलो. ऊन चढायला लागलं, तिसऱ्या काढणाऱ्या बायका पाट्या घेऊन घरी निघाल्या, तरी काका थांबेनात. ते जवळून जाताना मी ओरडलो, "काका, चला आता!"

त्यांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं. आक्काची मान एका बाजूला कलली होती, तोंड उघडं होतं. ती गाढ झोपली होती.

"थांबलो तर जागी होईल," काका कुजबुजले आणि पुढे गेले. भरती लागली होती. पाणी जसजसं वर येत होतं, तसतसे काकाही खडीवाली थोडी थोडी वर घेत, उरलेल्या ओल्या वाळूवरून फेऱ्या मारत राहिले.