मुरवलेली सुरमई

पांढुर्ण्यात बसून समुद्राचा मासा पारखणारा माणूस एकच, तो म्हणजे मी! डोळा काचेसारखा, कल्ले लाल, बोट दाबलं की मांस टुणकन वर! नागपूरचे तीन बाजार पालथे घातल्यावर मला सुरेश मासेवाला गवसला. त्याची मासळी बर्फात अशी पहुडलेली, की उठवायची हिंमत होऊ नये!

त्यानंच गुपित सांगितलं. "मास्तर, ताजं ताजं काय करता? सुरमई साफ करा, कोरडी पुसा अन् फ्रिजमध्ये पाच दिवस टांगून ठेवा. लोणच्यासारखी मुरते. मंग चव पाहा!"

झालं! चार किलोची सुरमई घरी आणली. फ्रिजमधलं दूध, दही, कोथिंबीर बाहेर काढलं, जाळ्या काढल्या अन् शेपटीला सुतळी बांधून तिला उलटी टांगली. आमच्या बायकोनं, दिपालीनं, फ्रिजचं दार उघडलं अन् किंचाळलीच.

"अवो, फाशी दिली का याले?"

"मुरून राहिली ती!"

"अन् दूध कुठी ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

तिसऱ्या दिवशी जिन्यात वास सुटला. शेजारच्या शकुबाई नाकाला पदर लावून दारात. "मास्तर, काहीतरी सडून राहिलं ना?"

मी मागच्या मागे स्वयंपाकघराचं दार लोटलं! कबूल करावं तर शाळेपर्यंत बोंब. "मला तर नाही येत बुवा वास!"

"वरतून येते. पटवारी दिसले का तुम्हाले चार दिवसांत?"

आमच्या वरच्या खोलीत रघुनाथराव राहतात. रिटायर्ड पटवारी, एकटा जीव. दिसले नव्हते खरे. फोन लावला, बंद! शकुबाईंनी जिन्यातच हंबरडा फोडला. "गेले वो पटवारी! एकटे गेले, कोणाले पत्ता नाही!"

दहा मिनिटांत अख्खी गल्ली जिन्यात! मी सांगणार होतो, देवाशपथ सांगणार होतो! पण "माझ्या फ्रि..." एवढं म्हणेपर्यंत हिरामण सुतार दार फोडायला लोखंडी सब्बल घेऊन आला. कोणीतरी तर तिरडीसाठी बांबू आणायलाही पळालं!

दाराला ओढलं की लागणारं लॅच, माणूस आत आहे की बाहेर, कळायची सोय नाही! धाडकन् लॅच तुटलं. वास भस्सकन अंगावर आला. पण पलंग रिकामा! पलंगाखाली कोणी नाही, मोरीत कोणी नाही.

"मंग हा वास कोणाचा?" हिरामणनं विचारलं.

आता मला राहवेना. मान खाली घालून म्हणालो, "सुरमईचा. ती माझ्याकडे आहे."

शकुबाईंनी हळूच दिपालीकडे पाहिलं. "कोण सुरमई?"

"बाई नाही हो! मासा!"

सगळी वरात खाली, आमच्या स्वयंपाकघरात. "मी पहिल्याच दिवशी म्हणत होती!" दिपाली कडाडली. "फेका! आत्ताच्या आत्ता!" मी माझ्या हातानं सुरमई काढली. खरं सांगतो, हातात तिला फारसा वास नव्हता. म्हटलं, माझं नाकच मेलं असेल! गल्लीच्या टोकाला नेऊन टाकली. एका कुत्र्यानं ती मिटक्या मारत संपवली.

परत जिन्याशी येतो, तोच संत्र्यांची पिशवी घेऊन समोरून रघुनाथराव! शकुबाई भिंतीलाच चिकटल्या.

"एवढी गर्दी काहून? कोण गेलं?"

"तुम्ही!" हिरामण म्हणाला.

"मी तर पोरीकडे लोधीखेड्याले गेलो होतो! चार्जर घरीच राहिला, बापा!" मग त्यांची नजर वर गेली. "माझं दार कोणं तोडलं?"

एकूण बावीस बोटं माझ्याकडे वळली.

हिरामणच्या हाताखाली बसून मी दुपारभर लॅच बसवलं. खिळे दिले, बोलणी खाल्ली. निघणार, तोच रघुनाथराव म्हणाले, "मास्तर, मासा गेला. मंग हे काय नाकात जाऊन राहिलं?" हिवाळ्यात झाकून ठेवलेल्या कुलरची जाळी त्यांनी ओढली. आत उंदीर! मेलेला, चांगला हातभर फुगलेला!

मी तीन-तीन पायऱ्या उतरत घरी. "दिपाली! उंदीर होता, उंदीर! माझी सुरमई एकदम फर्स्ट क्लास होती!"

दिपाली शांतपणे फ्रिजमध्ये दूध ठेवत होती. वळून म्हणाली,

"चांगली होती, तं मंग फेकली काहून?"

आता बोला!