चार, शून्य की दोन

उझमाच्या दातांबद्दल आणखी एका डॉक्टरला विचारू, एवढंच रशीदनं ठरवलं आणि तिथूनच त्याचे हाल सुरू झाले.

तेरा वर्षांच्या लेकीचे दात एकमेकांवर चढलेले. खारघरच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे पाहून सांगितलं, "तारा लावायच्या तर आधी चार दात काढावे लागतील. जागाच नाही."

चांगले चार दात काढायचे, हे काही रशीदच्या जिवाला पटेना. तो नेरूळच्या डॉक्टरांकडे गेला. "एकही काढू नका," ते म्हणाले. वाशीचे म्हणाले, "वरचे दोन काढा."

"आता कुणाचं ऐकायचं?" त्यानं घरी येऊन विचारलं.

"सरासरी काढा," त्याची बायको शकिला भाजी चिरता चिरता म्हणाली. "चार, शून्य, दोन. दोन आले."

"अब्बा, दात माझे आहेत," उझमा म्हणाली. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रशीद महापेच्या एका कारखान्यात माल तपासायचा. (सोमवारी बारा एमएमचा असलेला बोल्ट शनिवारीही बाराचाच भरतो, या एका भरवशावर त्यानं वीस वर्षं काढली होती.) शेवटी हताश होऊन, पहिलं मत तेच खरं मानून, तोच एक्स-रे आणि उझमाला घेऊन तो पुन्हा खारघरला गेला.

बाईंनी एक्स-रे उजेडावर धरला. "काढायला नको एकही. बसतील."

"मॅडम, गेल्या महिन्यात तुम्हीच चार म्हणाला होतात."

बाईंनी फाईल उघडली. अक्षर त्यांचंच होतं. "अशी केस काठावरची असते," त्या शांतपणे म्हणाल्या. "दोन्ही बरोबर. ठरवा तुम्ही."

"आमच्याकडे एका बोल्टची दोन मापं आली तर पट्टी बदलतात."

"दात म्हणजे बोल्ट नव्हेत."

"न काढता होत असेल तर न काढताच करा," उझमा म्हणाली. बाईंनी मान हलवून तसं लिहून घेतलं. महिनाभराचा प्रश्न अर्ध्या मिनिटात मिटला.

रशीदनं दात इतके करकचून आवळले, की मागे काहीतरी कटकन मोडलं.

बाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "ही दाढ काढावी लागेल."

आता एकावर विसंबेल तो रशीद कसला. तो गाल धरून नेरूळला गेला, वाशीला गेला. तिघांचं पहिल्यांदाच एकमत झालं. वाशीच्यांनी तर त्याला खुर्चीत बसूही दिलं नाही, दारातूनच म्हणाले, "काढा."