काशीनानांची मेमसाब

लग्न होऊन मी पळसदरीला आले त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची गोष्ट. सकाळी चूळ भरायला मागच्या दारी आले आणि तांब्या हातात धरून तशीच उभी राहिले. समोरच्या खाचरातलं भात कापून नेलेलं, नुसती धसकटं उरलेली. त्यातून एक माणूस वाकून एकेक पाऊल टाकत चालला होता. खाकी अर्धी चड्डी, पाठीवर पेटी, डोक्यावर लोकरीची कानटोपी. कानटोपीला कानांपाशी दोन भोकं पाडलेली आणि त्यांवर टेलिफोनच्या चकत्या बसवाव्यात तसं काहीतरी बसवलेलं. हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला तव्याएवढी गोल थाळी. ती थाळी तो जमिनीच्या चार बोटं वरून डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत होता.

मी आत धावले. "आई, शेतात कोणीतरी काहीतरी करतंय!"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "शेजारचे काशीनाना हायत ते. शेताला इस्त्री करतात."

अशा सुरात म्हणाल्या, की जणू प्रत्येक गावात एक माणूस याच कामाला नेमलेला असतो.

नाना पलटणीतले. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधायचे आणि मागच्या माणसांना वाट मोकळी करून द्यायची, हे त्यांचं तिथलं काम. पलटणीतून सुटल्यावर खोपोलीच्या एका कारखान्यात त्यांनी रखवालदारी केली, आणि म्हातारी आई गेल्यावर गावातल्या घरी येऊन एकटेच राहू लागले. येताना मुंबईच्या जुन्या बाजारातून हे यंत्र घेऊन आले. जमिनीतल्या धातूवरून थाळी गेली की कानात 'कुंई' असा आवाज येतो. यंत्र इंग्रजांनी लढाईनंतर टाकून दिलेलं, आणि नखरे फार, म्हणून त्याचं नाव मेमसाब.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे पहिला आठवडाभर भिंतीपलीकडून ऐकू यायचं ते मी काळजीने ऐकत होते. "मेमसाब, चला आता, ऊन आलं." "मेमसाबना आज बरं नाय वाटत." "मेमसाब, अशा रुसू नका." शेवटी नवऱ्याला विचारलं, तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मेमसाबचं खाणं म्हणजे बॅटरीचे सेल. ते संपत आले की नाना ते उन्हात वाळवायचे. आमच्या अंगणातल्या बाजेवर एका बाजूला सासूबाईंचे पापड आणि दुसऱ्या बाजूला नानांचे सेल, अशी वाटणी असायची. सासूबाई पापड उलटायला जायच्या तेव्हा सवयीने सेलही उलटून यायच्या.

एक शेत तपासून झालं की नाना बांधावर चढत, टाचा जुळवत आणि मोठ्याने सांगत, "लाडांचं खाचर किलियर!" ऐकायला बहुधा एखादी म्हैस असायची.

मेमसाब काय वाटेल ते शोधून काढी. खिळे, बैलाच्या पायाचे नाल, विळ्याची पाती, डब्यांची झाकणं. एकदा आमची पितळी पळी हरवली. सासूबाईंचा संशय समोरच्या घरावर होता आणि त्यांनी तिथल्या बाईशी बोलणं टाकलं होतं. नानांनी मेमसाबला आमच्या परसात फिरवलं आणि शेणखताच्या खड्ड्यातून पळी वर आली. सासूबाईंना ती घासण्यापेक्षा समोरच्या बाईशी पुन्हा बोलायला लागणं जड गेलं.

एकदा लाडांच्या दगडूच्या शेतात चांदीचा रुपया निघाला. राणीछाप, जुना, काळा पडलेला. नाना तडक दगडूच्या दारात गेले, ताठ उभे राहिले आणि रुपया पुढे केला. "तुज्या जमिनीत गावला. ठेव."

आता एखाद्याने आभार मानले असते. दगडूने रुपया चावून पाहिला आणि विचारलं, "बाकीचे कुठं हायत?"

"एकच व्हता."

"एक देतो म्हंजे धा ठेवले असतील."

महिनाभर दगडूने नानांना आपल्या बांधावर पाय ठेवू दिला नाही. पण स्वतः मात्र कुदळ घेऊन सारं खाचर उकरून ठेवलं. त्या वर्षी त्याचं वालाचं पीक झकास आलं, ते श्रेयही त्याने नानांना दिलं नाही.

बातमी पसरली तशी नानांना बोलावणी येऊ लागली. पलीकडच्या वाडीतल्या एका बागायतदाराला स्वप्न पडलं होतं, की आंब्याखाली आजोबांनी हंडा पुरलाय. नाना गेले. मेमसाब कुंई म्हणाली. चार गडी दुपारभर खणत होते. निघाला तो नांगराचा मोडका फाळ. बागायतदार चिडून नानांना म्हणाला, "तुमची मशीन खोटी हाय." नाना शांतपणे म्हणाले, "मशीन बराबर हाय. सपान खोटं हाय."

असे सुटे रुपये त्यांना अधूनमधून सापडत. कुठे राणीचा, कुठे राजाचा. ज्याच्या शेतात सापडला त्याला नेऊन देत. स्वतःकडे एकही ठेवत नसत. रुपया हातात आला की आपण सगळे त्यावरचा चेहरा बघतो. नाना कड बघायचे, बोटाने चाचपायचे, आणि लगेच त्यांचं त्यातलं लक्ष उडायचं.

एकदा मी त्यांना भाकरी द्यायला गेले तेव्हा विचारलं, "नाना, ठेवायचं काहीच नाही, तर हा एवढा खटाटोप कशासाठी?"

"सवय गं, सूनबाय," ते म्हणाले. "दुसरं काय येतंय मला?"

एवढं बोलून ते मेमसाबला फडक्याने पुसत बसले. घरात एक ताट, एक पेला, एक बाज.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने आमच्या दोन लहान खाचरांमधला जुना बांध फोडून एकच मोठं शेत करायला घेतलं. आमचं शेत नानांनी आधीच तपासलेलं होतं. पण बांधाच्या पोटात त्यांना कधी बघता आलं नव्हतं. दर वर्षी खाचरातलाच चिखल थापून थापून बांध रुंद झालेला. फोडलेली माती पसरल्यावर नाना मेमसाबला घेऊन आले. मी शेजारीच वालाच्या शेंगा तोडत होते.

एकदम आवाज थांबला. म्हणजे मला यंत्राचा आवाज ऐकू येत नसे, पण नानांच्या पावलांचा यायचा, तो थांबला. पाहिलं तर ते मातीत गुडघ्यांवर बसले होते आणि हातांनी उकरत होते. जवळ गेले. त्यांच्या तळहातावर चांदीचे दोन रुपये होते, आणि दोन्ही रुपयांच्या कडेला बारीक कडी जोडलेली होती. मग तिसरा निघाला, मग आणखी. सगळ्यांना कड्या. कुजलेल्या दोऱ्याचा एक तुकडाही होता.

"नाना, काय झालं?"

ते उकरतच राहिले. कानावरच्या चकत्याही त्यांनी काढल्या नव्हत्या. मी घाबरून सासूबाईंना हाका मारल्या. त्या गुडघे धरत धरत आल्या, रुपयांकडे पाहिलं आणि मटकन खाली बसल्या.

"अगं बाय माझे. ही तर सुभद्रेची माळ."

नानांचं लग्न झालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. सुभद्रा खालापूरकडची. बापाने लग्नात तिला चांदीच्या रुपयांची माळ घातली होती आणि सुभद्रा ती गळ्यातून कधी काढत नसे. नाना पलटणीत असताना एका पावसाळ्यात गावातल्या बाया भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, एकमेकींच्या शेतात जात होत्या. एका संध्याकाळी सुभद्रा घरी आली तेव्हा गळ्यात माळ नव्हती. दोरा तुटून चिखलात पडली असणार, पण कुठल्या शेतात ते तिला सांगता येईना. नानांच्या आईने ठरवून टाकलं, की हिने माळ भावाला दिली. दैव असं, की त्याच महिन्यात भावाने नवा बैल घेतला.

"मग नाना रजेवर आले," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आईनं कान भरलेले. चार मानसांसमोर बायकोला इचारलं, खरं सांग, माळ भावाला दिलीस का? ती काय बोलली नाय. घरात गेली, दुसरं लुगडं घेतलं नि चालायला लागली. आमी सगळ्या बघत व्हतो. कोनी आडवी गेली नाय. मी पन नाय."

नाना अजून मातीतच बसले होते. एकदम मला म्हणाले, "सूनबाय, उद्या माज्यासंगं येशील? एकट्याला धीर व्हत नाय."

सुरुंगांमधून वाट काढणारा माणूस हे म्हणत होता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गाडीने खोपोलीला गेलो, तिथून शिळफाट्यावर येऊन एस.टी. धरली. नानांनी काळा कोट चढवला होता. रुपये रुमालात बांधलेले. मी म्हटलं होतं, रिठ्याने धुऊन देते, लखलखीत होतील. ते म्हणाले, "नको. मातीसकट नेतो."

सुभद्राबाईंचं घर त्यांच्या माहेरगावाच्या टोकाला होतं. त्या अंगणात वाल वाळत घालत होत्या. केस पांढरे, कपाळावर मोठं कुंकू. आम्हाला पाहून त्यांनी हात झटकले आणि मला म्हणाल्या, "बस गं. पानी देऊ?" नानांकडे बघितलंसुद्धा नाही. नाना अंगणाच्या मध्यावर टाचा जुळवून उभे. मग त्यांनी रुमाल पुढे केला.

सुभद्राबाईंनी गाठ सोडली. एका रुपयावरची माती अंगठ्याने पुसली.

"कुठं गावली?"

"हिच्या घरच्या शेतात. बांधात," नाना म्हणाले.

"कोनी काढली?"

"मेमसाबनी," सवयीने त्यांच्या तोंडून गेलं.

सुभद्राबाईंचा चेहराच बदलला. "व्हय का? ऐकून हाय मी. मुंबईवरनं मेमसाब आनलीय, रोज सकाळी शेतात हिंडायला नेता. सांगायला आलेली मानसं इथपत्तोर. म्हातारपनी बरं सुचलं!"

"ती मशीन हाय!" नाना कवायतीच्या मैदानात ओरडावं तसे ओरडले. कोंबड्या पळाल्या.

मग मीच सगळं सांगितलं. दांडा, थाळी, कानटोपीची भोकं, पापडांशेजारचे सेल. कुठल्या शेतात माळ पडली ते ठाऊक नाही, म्हणून सगळ्या गावाची शेतं एकेक करून पालथी घातली, तेही सांगितलं. सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला. हसतायत की रडतायत ते मला कळेना. बहुतेक दोन्ही असावं. मग पदर खाली घेऊन त्या नानांना म्हणाल्या,

"माळ शेतात पडली ते मला तवाच ठावं व्हतं. तुमाला ठावं व्हायला मशीन लागली."

मी मध्येच सासूबाईंचा निरोप सांगून टाकला, की त्या दिवशी त्या गप्प बसल्या त्याचं त्यांना वाईट वाटतं. सुभद्राबाई म्हणाल्या, "गुडघे दुखतात ना तिचे? निरगुडीचा पाला गरम करून बांध म्हनावं."

"घरी चल," नाना कसंबसं म्हणाले.

"हेच माझं घर. भिंती मी लिंपल्या, वाल मी पेरले. ते टाकून मी येनार नाय." मग उंबऱ्यापाशी थांबून, आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "भात टाकते. जेवल्याबिगर जायाचं नाय."

त्या दिवशी जेवून आम्ही परतलो. थोड्याच दिवसांनी नाना आमच्याकडे घराची किल्ली द्यायला आले. हातात ट्रंक आणि एक नवी कोरी लोखंडी कढई.

"कुठे निघालात, नाना?"

"सासुरवाडीला." मग जरा लाजून, "राहायला."

"आणि मेमसाब?"

"भंगारवाल्याला दिली. त्यानं ही कढई दिली. तिच्याकडची कढई गळती हाय, बघितलं मी परवा."

साठी उलटलेला घरजावई म्हणून गाव बरेच दिवस हसत होतं. दगडू लाड सर्वांत जास्त.

पुढच्या वर्षी आम्ही खालापूरला एका कामाला गेलो, तेव्हा मी वाकडी वाट करून त्यांच्याकडे डोकावले. नाना लांब शेतात कुदळीने बांध घालत होते. सुभद्राबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही सोलू लागले आणि न राहवून विचारलं, "कसं चाललंय?"

"बरं चाललंय. सकाळी माज्या आधी उठून चूल पेटवून ठेवतात. पानी भरतात. पन 'चुकलं' असं तोंडानं अजून बोलले नायत. परवा रातच्याला जेवताना घास खाली ठेवला, माज्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, आता बोलतात. तर मीठ मागितलं."

"मग तुम्ही काय केलंत?"

"मीठ दिलं." त्यांनी शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली. "बोलतील गं. मला घाई नाय."