समुद्रतळाचा नमुना

एका जंगलात, बालमित्रांनो, एकही झाड नव्हतं. कारण ते जंगल होतं ध्रुवाजवळच्या समुद्राच्या तळाशी. वर बर्फाचं छप्पर, खाली चिखल.

त्या चिखलात काकडीमावशी राहायची. समुद्रकाकडी बरं का, कोशिंबिरीतली नव्हे. रंगाने जांभळी, अंगावर ठिपके. शेजारी शिकार करून खायचे. ही चिखल खायची आणि स्वच्छ करून मागे टाकायची. तळ राहण्याजोगा होता तो तिच्यामुळे. पण फुकट झाडणाऱ्याला मान कोण देतो?

तारामासा तारोजीराव तर तिला येता-जाता ऐकवायचे, "काय नमुना आहे!" मग सगळे हसायचे. मावशीने जरा चारचौघांसारखं राहावं, असा सल्लाही द्यायचे.

एके दिवशी वरून सीलसाहेब आले. गळ्यात टोपली. म्हणाले, आमचं संरक्षण मंडळ तुम्हा सर्वांना जपणार आहे. फक्त आधी अभ्यास होईल, त्यासाठी नमुना वर न्यायचा, औषधाच्या बाटलीत घालायचा. हे सगळं अगदी प्रेमाने. बालमित्रांनो, माझ्या किराणा दुकानात एक गिऱ्हाईक यायचं. नमुना म्हणून मूठभर शेंगदाणे तोंडात टाकायचं आणि पोत्याची तारीफ करून निघून जायचं. साहेबांची तऱ्हा तीच.

"तर मग, इथे नमुना कोण?"

तारोजीरावांनी पाचही हात मावशीकडे केले.

मावशी टोपलीत गेली. रडली नाही. तिने विचारलं, "साहेब, माझ्यासारख्या आणखी किती सापडल्या?"

साहेबांनी वही चाळली. "एकही नाही."

"मग मला बाटलीत घातल्यावर मंडळ जपणार काय? बाटली?"

साहेबांनी मनात हिशेब केला: जपायला काही उरलं नाही, तर मंडळ गेलं. मंडळ गेलं की दरमहा मिळणारे मासेही गेले. त्यांनी मावशीला अलगद खाली ठेवलं आणि वहीत नवा नियम लिहिला: दुर्मिळाला हात लावू नये, सामान्य हवे तितके न्यावेत. नियम मात्र वाचून दाखवला नाही. नुसतं विचारलं, "इथे सामान्य कोण?"

तारोजीराव ऐटीत पुढे सरकले. "आम्ही सगळे, साहेब. अगदी चारचौघांसारखे."

टोपली गच्च भरली.

दुसऱ्या दिवशी तळावर पाटी लागली: 'येथील जीवसृष्टी संरक्षित आहे.' जीवसृष्टी पाटीच्या बुडाशी चिखल खात होती.

तात्पर्य : मुलांनो, नेहमी चारचौघांसारखं वागावं. टोपली भरायला कुणीतरी लागतंच.