कोऱ्या बशीतलं मरण

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बश्या साबणाने घासून सात पाण्यांतून काढाव्यात, असा लेखी नियम होता. तिथे बश्या-बाटल्या धुणाऱ्या बाटलीकाकांना तो वाचता येत नव्हता, म्हणूनच त्यांनी तो एकतीस वर्षं काटेकोरपणे पाळला. पाणी मोजण्याखेरीज डोक्याला दुसरा उद्योगच नव्हता.

साठी उलटली, नोकरी वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर आली, आणि सुनेने मनावर घेऊन त्यांना अक्षरं शिकवली. झालं. धुतलेल्या बश्या पालथ्या घालायला टेबलावर जी रद्दी पसरलेली असे, ती काका वाचू लागले. तिसऱ्या पाण्याला बातमी सुरू व्हायची. बातमी संपली की सातवं पाणी झालं, असं ते धरून चालायचे. माणूस साक्षर झाला आणि बश्या बुळबुळीत राहू लागल्या.

त्या बश्यांत मॅडमचं संशोधन चाले. चांदीचे डोळ्यांना न दिसणारे कण आणि एका झाडपाल्याचा अर्क एकत्र करून मॅडम ते जंतूंना देत. हे औषध जंतूला थेट मारत नाही, तर आत असा काही निरोप पोचवतं की जंतूची पेशी स्वतःच आवराआवर करून संपून जाते, असं त्यांना सिद्ध करायचं होतं. चार वर्षं जंतू त्यांना दाद देत नव्हते.

"म्हणजे आपण मारायचं नाही, त्यालाच मरावंसं वाटलं पाहिजे?" काकांनी एकदा विचारलं होतं.

"काका, बाहेर असं बोलू नका हं. याला नियोजित पेशीमृत्यू म्हणतात."

आणि एका सोमवारी जंतू मेले. सूक्ष्मदर्शकाखाली मरणाची खूण असलेला हिरवा रंग झगमगला. टाळ्या झाल्या. काकांनीही ओल्या हातांनी वाजवल्या. तेवढ्यात तंत्रज्ञ खाकरला.

"मॅडम, कोऱ्या बशीतलेही गेलेत."

कोऱ्या बशीत ना चांदी असते, ना पाला. तिच्यातल्या जंतूंनी सुखाने नांदायचं असतं, तरच शेजारच्या बशीतलं मरण औषधाच्या नावावर लागतं. टाळ्या थांबल्या. प्रकरण समितीपुढे गेलं. समितीने तीन बैठकांनंतर अभिप्राय दिला की, औषध न मिळालेल्या जंतूंनी शेजारील बशीतील घडामोडींची दखल घेऊन स्वेच्छेने जीवन आटोपते घेतले असावे.

"काचेच्या आरपार?" तंत्रज्ञाने विचारलं.

"काच पारदर्शक असते," संचालक म्हणाले, आणि तो मुद्दा इतिवृत्तात घेतला गेला.

काकांनी ती कोरी बशी धुवायला घेतली, तेव्हा कोरड्या काचेवरून त्यांचं बोट सर्रकन घसरलं. जंतूंना कसला निरोप आणि कसलं काय, त्यांना साबण लागला होता!

"सांगून टाका, बाबा," घरी सून म्हणाली.

"आणि मुदतवाढ?"

"अक्षरं काय रद्दी वाचायला शिकवली तुम्हाला?"

एवढं ऐकल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं. काकांनी आयुष्यातला पहिला अर्ज लिहिला. 'बश्यांना साबण राहिला. जंतू साबणाने मेले. चूक माझी.' अक्षर इतकं गोलसर आलं की, पुढे काय होणार याची भीती विसरून ते स्वतःवरच खूश झाले.

संचालकांनी आधी भांडारप्रमुखांचा खुलासा मागवला. 'सदर साबण मंजूर यादीतील असून त्याच्या अंगी जंतू मारण्याचा गुण असल्याची दप्तरी नोंद नाही.' साबण निर्दोष सुटला. उरले काका.

"चूक माझी, असं तुम्हीच लिहिलंत?"

"हो साहेब."

"बाहेरून कुणाचा दबाव?"

सुनेचं नाव कशाला घ्या, म्हणून काका म्हणाले, "नाही साहेब. आतूनच वाटलं."

संचालक खुर्चीतून उठलेच. "मॅडम, ऐकलंत? आतून निरोप, मग स्वतःच आवराआवर! अहो, तुमचं संशोधन माणसालाही लागू पडतंय!"

मॅडमनी टेबलावर पुरावा म्हणून ठेवलेल्या कोऱ्या बशीवरून बोट फिरवलं. बोट घसरलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, बोट रुमालाला पुसलं आणि रुमाल पर्समध्ये ठेवून दिला. संध्याकाळी आदेश निघाला: 'अर्जदाराने स्वयंप्रेरणेने आपले पद आटोपते घेतल्याने मुदतवाढीचा प्रश्न उद्भवत नाही.' काकांनी तो स्वतः वाचला. कुणाकडून वाचून घ्यावा लागला नाही, याचं त्यांना फाटकाबाहेर पडेपर्यंत कौतुक वाटत होतं.

त्यांच्या जागी धुण्याचं यंत्र आलं. यंत्राला वाचता येत नसल्याने त्याने सातही पाणी घेतली, आणि चांदी-पाल्याच्या बशीतसुद्धा जंतू मजेत वाढू लागले. जंतू निर्ढावले, असा अभिप्राय देऊन समितीने त्यांच्यासाठी नवा विभाग उघडला. औषध मात्र तोवर बाजारात पोचलं होतं.

एके सकाळी काकांना ते घरच्या बेसिनवरच दिसलं. हात धुण्याची हिरवी बाटली. 'चांदी आणि पाल्याची किमया! जंतू स्वतःहून मरतात!'

"तू आणलीस?" त्यांनी सुनेला विचारलं. "सगळं माहीत असून?"

"अहो बाबा, वास छान आहे. आणि हात स्वच्छ होतात की!"

"होणारच," काका म्हणाले. त्यांनी चष्मा लावून बाटलीच्या मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. पाणी. मग साबण. मग सुगंध. अगदी शेवटी, बोटाखाली झाकली जातील एवढ्या अक्षरांत, चांदी आणि पाला, अत्यल्प. ते एकटेच हसत सुटले. हसता हसता हात धुतले, आणि किती पाणी घेतलं ते पुन्हा विसरले, कारण वाचत होते.

तीच बाटली तुमच्याही बेसिनवर असेल. मागची बारीक अक्षरं तुम्ही काही वाचलेली नसणार. आणि तुम्हाला तर लहानपणापासून वाचता येतं.