नरवडे सर आणि टेबलाचं दुसरं टोक

आमच्या कॉलनीत कुणी कपाट, पलंग, काहीही उचलायला वाकलं की दुसऱ्या टोकाला नरवडे सर हजर. विचारणं नाही, काही नाही. "बोलू नका, नुसतं चाला," एवढंच म्हणायचे. एकदा हमाल वैतागून म्हणाला, "चाचा, बीच में कायकू आरे?" सर बाजूला झाले, पण हमालांच्या हातांकडं बघत मागोमाग जिना उतरत राहिले.

सर मूळचे पाचोडचे. आमच्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे. मुलांना रोबोटबद्दल आणि रोबोटला माणसांबद्दल. दोघंजण न बोलता टेबल कसं नेतात, कोण कधी वळतं, हे त्यांना रोबोटला समजवायचं होतं. हाताच्या दाबावरून त्यानं समोरच्याचं मन ओळखायचं. उमेदीची सगळी वर्षं त्यात गेली. सुरुवातीला तो टेबलासकट सरांनाच भिंतीवर नेऊन आदळायचा. नडगीला मलम चोळत सर म्हणायचे, "लई घाई करतो. पण ऐकंल."

आणि एका दुपारी त्यानं ऐकलं. सर दारापाशी थबकले, तोही थबकला. सर तिरके झाले, तोही झाला. टेबलावरचा भरलेला कप हिंदकळलासुद्धा नाही. आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि सर त्याला हळूच म्हणाले, "शाब्बास, बाबा."

त्या कामावरून त्यांना जर्मनीहून बोलावणं आलं. मोठी प्रयोगशाळा, दोन वर्षं. सरांनी नकार कळवला. का, तर "तिथली थंडी मानवणार नाय." मला रागच आला. समजूत घालायला मी त्यांच्या घरी गेलो.

त्यांच्या पत्नी सुनंदावहिनी. मधुमेहानं त्यांची दृष्टी गेलेली. "मीच म्हणते, जा," वहिनी म्हणाल्या. "मी राहीन की वैजापूरला, बहिणीकडं. पण हे ऐकतात का?"

"तिथं तुला सवय नाय," सर म्हणाले. "कुठं उंबरा, कुठं पायरी…"

वहिनी भिंतीला हात लावत चहा टाकायला आत गेल्या. सर उगीच टीपॉयवरची धूळ पुसत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "ती राहील हो कुठंबी. एकट्यानं जेवायची सवय मला नाय."

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला, "डोळे गेलेत माझे. कान शाबूत आहेत."

सर लाजले. इतक्या वर्षांच्या ओळखीत लाजलेले सर मी पहिल्यांदाच पाहत होतो. डबा पुढं करत त्यांनी मला विचारलं, "बिस्किट घेता का?"

मी घेतलं. जर्मनीचा विषय काही मी पुन्हा काढला नाही.